शेवटच्या घरचं शून्य

पुंडलिकनगरात पाणी आलं की अप्पाराव येणार, हे ठरलेलं. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत त्यांची बावीस वर्षं गेली होती. नळाचं पाणी परीक्षानळीत घ्यायचं, त्यात एक गोळी विरघळवायची. पाणी गुलाबी झालं म्हणजे जंतू मारूनही क्लोरीन शिल्लक आहे, खुशाल प्या. रंग जितका गडद तितका क्लोरीन जास्त. एवढंसं काम, पण अप्पाराव ते सोवळ्यातल्या स्वयंपाकासारखं करायचे. आपल्या आकड्यावर त्यांचा भारी जीव.

त्याच आकड्यानं यंदा दगा दिला. गल्लीतल्या शेवटच्या घरी, अनसूयाकाकूंकडे, लागोपाठ तीनदा शून्य! गोळी विरघळायची, पाणी मात्र कोरंच्या कोरं. शून्य कळवलं की टाकीवर क्लोरीन वाढवायचे. वाढवता वाढवता गल्लीभर चहाला दवाखान्याचा वास यायला लागला, आणि काकूंकडे आपलं शून्यच. साहेब कडाडले, "घरी बसून आकडे लिहिता काय? आणखी एक शून्य आणलंत तर नमुन्यांचं काम काढून घेईन. बसा मग बाटल्या धूत!"

चौथ्या खेपेला पाणी आल्या आल्या त्यांनी आधी शेवटचंच घर धरलं, म्हणून काकूंकडे ते नेहमीपेक्षा तासभर लवकरच पोचले. "अगंबाई, आलातही?" म्हणत काकू आत पळाल्या आणि लखलखीत तांब्या पदरात धरून बाहेर आल्या. त्यांनी परीक्षानळीत धार सोडली आणि अप्पाराव "आयो!" करून बोटं झटकायला लागले.

"काकू, हे पाणी गरम कसं वं?"

"आज लवकर आलात, निवायला वेळ कुठे मिळाला? एरवी उकळून, गाळून, माठात गार करून ठेवते तुमच्यासाठी."

"अवो, मला नळाचं पायजे व्हतं!"

"दारी आलेल्या माणसाला नळाचं पाणी? आमच्याकडे नाही तसली रीत. हल्ली तर वास येतो म्हणून दोनदा उकळते."

अप्पारावांनी कपाळाला हात लावला. उकळलेल्या पाण्यात क्लोरीन राहतोय कशाला! नमुना आपल्या हातानं नळाखालून घ्यायचा, हे तेच नव्या लोकांना शिकवायचे. पण परक्या बाईच्या मोरीत शिरायचं कसं, या संकोचापायी ते ओट्यावरच बसून राहिले होते. त्यांनी मुकाट्यानं साहेबांना फोन लावला. "साहेब, तिन्ही शून्यं खोटी. नमुना मी नळावरून घेतलाच नाय. चूक माझी."

काकूंनी फोन हिसकावला. "चूक कसली? साहेब, तुम्ही या हो, तुम्हालाही उकळूनच देईन!"

अप्पारावांनी आठवडाभर बाटल्या धुतल्या. टाकीवरचा क्लोरीन पूर्ववत झाला. पुढच्या पाण्याच्या दिवशी काकूंनी मोरीचं दार सताड उघडलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभ्या राहिल्या. अप्पारावांनी स्वतः नळ सोडला, परीक्षानळी भरली, गोळी टाकली. पाण्यावर फिकट गुलाबी छटा चढली. त्यांना भरून आलं.

"बघा काकू! आला रंग!"

काकूंनी चष्मा लावला, परीक्षानळी उजेडात धरली, उलटसुलट फिरवून पाहिली.

"एवढासाच? ह्याच्यापायी माझं अर्धं सिलिंडर संपवलंत होय?"