व्याह्यांच्या मोजड्या

ये गं, अशी जवळ ये. पाव्हण्यासारखी उंबऱ्यावर काय बसलीस? आणि हे काय, दोन्ही टाचांना पट्ट्या? म्हणजे कुणाच्या तरी लग्नात मिरवून आलीस. अगं, जनावराला नाल ठोकताना सुद्धा आधी खूर बघतात, आणि तुम्ही पोरी नुसती चमक बघून चप्पल घेता! हसू नको. मीही तेच केलं होतं, धाकट्या पोराच्या लग्नात. ऐक.

आमच्या माहेरची पावलंच फताडी. पुढून पसरट, आणि बोटं अशी लांब लांब, जशी एकमेकांशी अबोला धरलेली. माझी नणंद म्हणायची, "वहिनीचं पाऊल न्हाय ते, काठवट हाय. दोन भाकरी आरामात थापून होतील." रानात जाताना कोण बघतंय? मालकांच्या जुन्या चपला अडकवायच्या आणि चालू लागायचं. पण लग्नात मी वरमाई, नवऱ्या मुलाची आई. वरमाईसाठी पायघड्या अंथरतात, म्हणजे सगळ्या मांडवाचे डोळे तिच्या पायावर. लेकीनं दम दिला, "आई, पैठणीखाली रबरी चप्पल दिसली तर मी लग्नाला यायचीच न्हाय."

मग आम्ही येडशीहून धाराशिवला गेलो. दुकानामागून दुकान. एक दुकानदार तर बिचारा खाली बसून माझं पाऊल सोनेरी सँडलीत कोंबत होता.

"मावशी, पाय आत घाला की."

"घातलाय की बाबा. उरलेला बाहेर राहिला, त्याला मी काय करू?"

"वापरून सैल होईल."

"कोण, सँडल का पाय?"

त्यानं मोठा नंबर काढला. तसं टाचेमागं उंदीर राहील एवढी जागा झाली, पुढं मात्र उसाचा चरक तो चरकच. नंबर वाढला की लांबी वाढते, रुंदीचं कुणी नावच काढत न्हाय. बायांच्या पावलाला रुंदी असते हे त्या सँडल करणाऱ्यांना ठाऊकच नसावं. शेवटी लेक म्हणाली, "आई, लई भारी दिसतंय गं." झालं, मी भुलले.

आता एक गोष्ट मध्येच सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं न्हाय. माझ्या लग्नात माझी सासू रुसून बसली होती. वरमाईनं रुसायचं आणि मुलीकडच्यांनी मनधरणी करायची, अशी रीतच होती तवा. तिला लुगड्याचा काठ पसंत पडला न्हाय. माझे वडील डोक्यावरची टोपी हातात घेऊन तिच्यापुढं उभे होते. बोहल्यावरून मला ते दिसत होतं. तवाच म्या ठरवलं, माझ्या पोराच्या लग्नात कुठल्याही मुलीच्या बापाला असं उभं करायचं न्हाय. घरात सगळ्यांना बजावलं. व्याही आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचे, साधा माणूस; त्यांनाही सोयरीक जमली त्याच दिवशी सांगितलं, "भाऊ, आमच्याकडं रुसवा-फुगवा न्हाय."

लग्न येरमाळ्याजवळ, हायवेच्या कडेच्या कार्यालयात. उन्हाळ्याचे दिवस. गाडीतून उतरेपर्यंतच पाय भाकरीसारखे फुगले होते. बेंजो वाजायला लागला, पायघड्या अंथरल्या, मी निघाले. चार पावलं गेले असेन. करंगळीपाशी अशी कळ आली की डोळ्यापुढं काजवे चमकले. मी थांबले. पुढचं पाऊल उचलेना. सँडल काढावी तर बक्कल सुजलेल्या पायात रुतलेलं, आणि पैठणी सावरून वाकायचं कसं? शेजारीच नणंद. तिच्यापुढं पायाचं नाव काढलं असतं तर काठवटीची गोष्ट अख्ख्या मांडवाला कळली असती. म्हणून मी ओठ दाबून, मान ताठ करून उभी राहिले.

आणि नेमकं तसंच तर रुसलेली वरमाई उभी राहते गं!

बेंजो थांबला. कुजबुज सुरू झाली. "वरमाई रुसली!" नणंदेला तर भलताच चेव आला. "वहिनी, बरं केलंत. मागून घ्या काय ते. म्या म्हणलंच होतं, साड्या हलक्या आणल्यात."

नवरीची मावशी धावत आली आणि हातात चांदीचा करंडा ठेवला. मी मान हलवली. तिला वाटलं कमी पडलं. तिनं अजून एक साडी आणवली. खोटं कशाला सांगू, करंडा सुबक होता. क्षणभर वाटलं, उभं राहावं असंच, बघू तरी काय काय येतंय. तेवढ्यात आमचे हे कानाशी येऊन दात-ओठ खात म्हणाले, "अगं, जगाला शहाणपण शिकवलंस ना? मग हे काय चालवलंयस?"

मी तोंड उघडणार, तर समोरून व्याही आले. घामानं थबथबलेले, चेहरा पार उतरलेला. हात जोडले. "विहीणबाई, काही चुकलं असंल तर..." आणि त्यांचा हात डोक्यावरच्या फेट्याकडं गेला.

वडलांच्या हातातली टोपीच दिसली मला. मग कसली लाज आणि कसली नणंद! मी मोठ्यानं ओरडले, "भाऊ, फेट्याला हात लावू नका! काही उतरवायचंच असंल तर पायातलं उतरवा. ही सँडल मला खायला लागलीय!"

मग माझी विहीण खाली बसली, पैठणीचा काठ वर केला आणि बघून म्हणाली, "अगं बया! पाय हाय का बांधलेली मोट?" नवरीला नटवायला आलेल्या पार्लरवालीकडची कात्री मागवून तिनं तिथंच पट्टे कापले. व्याह्यांच्या पायात जरीच्या नव्या मोजड्या होत्या, रुंद नि मऊ. त्यांनी काढून पुढं ठेवल्या. "घ्या. मला न्हायतरी कन्यादानाला अनवाणीच बसायचंय." माझी पावलं त्यात अशी शिरली, जशी म्हैस डोहात. बेंजोवाल्यानं असा ठेका धरला की मी चालले कसली, नाचतच मांडवात गेले. मागून आमचे हे म्हणतात, "व्याह्याचे जोडे घालून निघाली. आता वाशीलाच राहती का काय!"

करंडा आणि साडी तिथल्या तिथं परत केली बरं का. मोजड्या मात्र व्याह्यांनी परत घेतल्या न्हाईत.

त्या झिजल्यावर मी धाराशिवला त्याच दुकानात गेले आणि सरळ पुरुषांच्या बाजूला जाऊन बसले. दुकानदार म्हणाला, "मालक न्हाय आले? मग माप कसं घ्यायचं?" म्या पाऊल पुढं केलं. "माप घरनंच घेऊन आलेय." मुद्दाम संध्याकाळी गेले होते; दिवसभराचा फुगलेला पाय बसला तरच ते खरं माप. आता विहीणही तसल्याच घेते. दोघी मोजड्या घालून लग्नाला गेलो की बाया आमच्या तोंडाकडं न बघता पायाकडंच बघतात. बघू देत.

आता ज्वारी हुरड्याला आलीय. विहीण चार दिवस राहायला येणार हाय, आणि तिच्या तोंडून ही गोष्ट अजून तिखट लागते. तवा तू पण पुन्हा ये. पोरांच्या परीक्षा, नवऱ्याची सुट्टी असली कारणं सांगू नको, येडशीची गाडी पकड आणि लवकर ये.