संगीतानं मोजलेली तार

मंडळी, आज कळंबच्या माझ्या क्लासमध्ये दहावीला 'टॅन' शिकवला. कोन पंचेचाळीसचा असला, की समोरची बाजू लगतच्या बाजूएवढीच. म्हटलं, चला, बाहेर काहीतरी मोजू.

संगीता म्हणाली, "सर, ती तार मोजू."

गेल्या महिन्यात त्याच विजेच्या तारेला चिकटून तिचे वडील, आप्पा, गेले. कडब्याच्या टेम्पोवर बसले होते.

पोरगी जमिनीवर आडवी झाली, कोनमापकातून तार बरोबर पंचेचाळीसच्या कोनात धरली. मी तारेखालून तिच्यापर्यंत टेप ओढला. तेरा फूट! पुढच्या खांबांमध्ये तीच तार वीस फुटांवर. इथं झोळ पडून खाली आलेली.

"म्हंजी आप्पांची चूक नव्हती ना, सर?"

"नाय, बाळा."

दहाव्याला "माल लई भरला व्हता" म्हणणाऱ्यांत मीही होतो. आता गावाला कुणी सांगायचं, मी की तिनं?