चौकापलीकडचा वॉकमन

आमच्या चाळीत कोणी हाक मारली आणि तुम्ही ओ दिली नाही, तर त्याचे दोनच अर्थ निघत. एक तर तुम्ही घरात नाही, नाहीतर तुम्ही भांडलात. तिसरा अर्थ माझ्या मैत्रिणीने आणला, आणि तो कोणालाच आवडला नाही. मला तर मुळीच नाही.

लालबागची चाळ, मध्ये चौक आणि चौकाच्या चारी बाजूंनी गॅलरी. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, तिची त्याच मजल्यावर बरोबर समोर. तिचा मोठा भाऊ बोटीवर नोकरीला होता. गिरण्यांचा संप लांबत चालला होता, आमच्या घरी चहाचा रंग रोज थोडा जास्त काळा होत होता, आणि नेमका तेव्हाच तो सुट्टीवर आला. बहिणीसाठी त्याने वॉकमन आणला. कमरेला अडकवायची एवढीशी डबी, तिला वायर, आणि कानांवर बसणारे नारिंगी स्पंजचे दोन गोल.

पहिल्या दिवशी सगळा मजला ते बघायला जमला. ज्याच्या कानावर ते चढवावं तो एकदम ओरडून बोलायला लागायचा, आणि बाकीचे हसायचे. मीही लावून पाहिलं. गाणं डोक्याच्या आत, मधोमध वाजत होतं. मी ते काढून परत दिलं आणि म्हटलं, "ठीक आहे." घरी येऊन रात्री जेवले नाही.

त्याआधी कोपऱ्यातल्या खोलीच्या खिडकीत एक ट्रान्झिस्टर असायचा. तो लागला की अख्ख्या मजल्याला लागायचा. गाणं एकट्याचं असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. आता ही पोरगी सगळ्यांच्या देखत कठड्याशी बसून मान डोलवत होती, आणि काय चाललंय ते कोणालाच कळत नव्हतं. नळावर बायका म्हणायच्या, "बघा, एकटीच हसते. काय ऐकते कोण जाणे." हाक मारली तर ओ नाही, विचारलं तर उत्तर नाही. तिच्या आईला सगळ्यांनी सुनावून झालं.

माझं दुखणं वेगळं होतं. रोज संध्याकाळी मी गॅलरीला वळसा घालून तिच्या कठड्याशी जायचे आणि आम्ही दिवे लागेपर्यंत बोलायचो. आता मी बोलत असायचे आणि मध्येच लक्षात यायचं की ही बाई गावातच नाही. कधी दया येऊन ती एका कानावरचा स्पंज उलटा फिरवायची. मग मी तिच्या डोक्याला डोकं लावून ऐकायचं, पण वायर आखूड, मान अवघडायची. आणि गाणं संपलं की ती दोन्ही कान परत झाकून घ्यायची. ती डबी चौकात भिरकावून द्यावी असं मला कितीदा वाटलं ते माझं मला ठाऊक.

पण तो जळफळाट पुढच्या जळफळाटापुढे काहीच नव्हता.

माझे बाबा साचेवाले, म्हणजे गिरणीत माग चालवायचे. साचेखात्यात शेकडो साचे एकदम आदळत असतात. तिथे तोंडाने बोलण्यात अर्थ नसतो. माणसं ओठ हलवतात आणि हातांनी बोलतात. त्यात बाबांचे कानही मंदावले होते, त्यामुळे घरी ते इतक्या मोठ्याने बोलायचे की आमच्याकडे कोणती भाजी आहे हे चौकाला कळायचं. मी त्यांची एकुलती एक. गिरणीतली पाळी संपवून बाबा जिना चढायला लागले की खालूनच मला हाक यायची. संप झाला आणि तो आवाज हळूहळू बसला. मग ते दारासमोर स्टूल टाकून चौकाकडे तोंड करून बसून राहायला लागले. मी काही विचारलं तर हो किंवा नाही. मी घरात आहे हे तरी त्यांना आठवतं का, असा मला प्रश्न पडायचा.

एके दिवशी नळाला पाणी आलं. समोर मैत्रीण कान झाकून बसलेली, तिची आई बाजारात गेलेली. बायकांनी चार हाका मारल्या आणि नाद सोडला. बाबा स्टुलावरून उठले. त्यांनी हात वर करून तिच्या नजरेत येईल असा हलवला. मग अंगठा ओठांकडे नेला, दोन्ही मुठींनी हवेतच हंडा उचलला आणि आवाज न करता ओठांनी स्पष्ट म्हटलं, "पाणी इला." तिने पाहिलं, तिला कळलं. स्पंज न काढता तिने तसाच हंडा उचलून दाखवला आणि आत पळाली.

बाबा हसले. संप सुरू झाल्यापासून मी त्यांचे दात पाहिले नव्हते.

मग ते रोजचंच झालं. ती कठड्याशी, बाबा स्टुलावर, मध्ये चौक. दोन बोटांत बशी धरून तिरकी केली की चहा. कानामागे पेन खोचलं की कारकून. मिशीला पीळ दिला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम आला, कामाला लाग. चिमटीत धागा धरून तोडला की आज कंटाळा आलाय. ती पटापट शिकली. खात्यात जसं प्रत्येक माणसाला हाताचं नाव असतं, तशी त्यांनी चाळीतल्या सगळ्यांना नावं दिली आणि चौकापलीकडून एकमेकांना सगळ्यांची खबर देऊ लागले. गॅलरीत एवढी माणसं, पण त्या दोघांचं बोलणं कोणाच्या कानावर पडत नव्हतं.

मी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसायचे. मान खाली, डोळे वर. एवढे तांदूळ मी आयुष्यात कधी निवडले नाहीत.

त्यांच्या बोलण्यात एक खूण फार वेळा यायची. दोन बोटांनी भुवयांच्या मधली कातडी चिमटीत धरायची. मी मैत्रिणीला गाठून विचारलंच.

"ते होय? ती तू," ती सहज म्हणाली. "तुझ्या कपाळाला सदा आठी असते ना, म्हणून. काकांनी ठेवलंय."

"आणि तू कोण?"

तिने दोन्ही तळवे हळूच कानांवर ठेवले. किती छान दिसलं ते. तिला कान, मला आठी. पण खरं सांगायचं तर आठीचं मला काही वाटलं नाही. मला लागलं ते हे, की माझ्या बापाने मला एक नाव ठेवलं होतं आणि त्या नावाने त्याने मला एकदाही बोलावलं नव्हतं.

आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "जळून कोळसा होशील. हसतायत ना, हसू दे की त्यांना."

"हसू देत. पण माझ्याकडे बघून हसू देत."

"मग सांग त्यांना, मला शिकवा म्हणून."

ते मला जमण्यासारखं नव्हतं. तिला न मागता मिळालं, ते मी हात पसरून का मागायचं?

त्यापेक्षा मी एक शहाणपणा केला. एका दुपारी मैत्रीण आपल्या मावशीकडे परळला गेली होती. तिच्या आईला सांगून मी वॉकमन घेतला. सेल संपलेले होते, गाणं काही वाजत नव्हतं. मी तरीही कान झाकले आणि तिच्याच जागी, कठड्याशी जाऊन बसले. मान डोलवली. गंमत म्हणजे मला सगळं नीट ऐकू येत होतं, आणि मला ऐकू येत नाही असं समजून दोन बायका माझ्याच स्वभावाबद्दल माझ्यामागे उभ्या राहून बोलत होत्या. मी तेही गिळलं. मला फक्त बाबा बाहेर यायला हवे होते.

ते आले. स्टुलाशी थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. आता हात वर जाईल, आता दोन बोटं कपाळाकडे जातील. बाबांनी चप्पल पायात सरकवली, अख्ख्या गॅलरीला वळसा घातला, सगळ्यांचे पाट आणि बादल्या ओलांडत माझ्यापर्यंत आले, एका कानावरचा स्पंज उचलला आणि चौकभर ऐकू जाईल असं म्हणाले, "चल गो, आवस बोलवता." म्हणजे आई बोलावतेय.

तिच्यासाठी हात, माझ्यासाठी हाक. मी रागाने रडले, आणि का रडले ते घरात कोणालाच सांगितलं नाही.

दोन वर्षांनी मैत्रीण लग्न होऊन डोंबिवलीला गेली. वॉकमन बरोबर नेला की भावजयीला दिला, मला ठाऊक नाही. मला वाटलं होतं, आता बाबा माझे. पण गिरणी काही उघडली नाही आणि बाबा स्टुलावर पुन्हा गप्प झाले. मी नायगावला दिली गेले, म्हणजे हाकेच्या अंतरावर. रोज एक फेरी मारायचे. पुढे त्यांचे कान पूर्ण गेले. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र ते कपाटात ठेवून देत. मी ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे, आणि गणपतीत माहेरी आलेली मैत्रीण दारातूनच हात हलवून त्यांना खळखळून हसवायची. तिला भेटून मला आनंद व्हायचा. पण ती परत गेल्यावर जास्त व्हायचा.

एव्हाना सगळं जगच कान झाकून फिरायला लागलं होतं. बसमध्ये शेजारच्या बाईला सरकायला सांगायचं तर खांद्याला हात लावावा लागतो. मी तरी काय वेगळी? मोबाइल आल्यापासून माझ्याही कानात वायर असते.

विसर्जनाच्या एका दुपारी मी आणि मैत्रीण चाळीच्या रस्त्याकडच्या गॅलरीत उभ्या होतो. खाली ढोल-ताशे, त्यामागे ट्रकवरचे भोंगे, कठडा थरथरत होता. माझ्या कानात नेहमीप्रमाणे मोबाइलच्या वायरची बोंडं होती. पलीकडच्या फुटपाथवर गिरणीतल्या जुन्या माणसांसाठी खुर्च्या टाकल्या होत्या, त्यात बाबा बसले होते. त्या गोंगाटात ते एकटेच आरामात दिसत होते.

त्यांनी वर पाहून हात हलवला. मैत्रिणीकडे बघत. मग दोन बोटांनी भुवयांची मधली कातडी चिमटीत धरली, डोळ्यांभोवती गोल काढले आणि तळवा पुढे ढकलला. तिला सांग, चष्मा पाठव.

मैत्रीण माझ्या कानातली वायर काढायला वळली. तिचा हात पोचायच्या आत माझा हात वर गेला होता. मी डोळ्यांभोवती गोल काढले, तळवा नाकाजवळ धरला, मग लांब नेला. जवळचा की लांबचा?

बाबांचा हात हवेतच राहिला. त्यांनी मैत्रिणीला विचारलं, हिला कोणी शिकवलं? तिने मान हलवली, मी नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मध्ये एक ट्रक गेला, तो जाईपर्यंत थांबले. आणि दोन बोटं कपाळाकडे नेऊन त्यांनी चिमूट धरली. तिच्याकडे बघून नाही, माझ्याकडे बघून. मग तळवा लांब नेला. लांबचा.

मी चष्मा आणायला वळले. मैत्रीण हसून काहीतरी म्हणाली, ते ताशात विरलं. पण तिच्या दोन भुवयांच्या मधोमध एक बारीक आठी पडली होती, आणि ती कसली हे माझ्याइतकं कोणाला कळणार? खोटं कशाला सांगू, चष्मा घेऊन जिना उतरताना मला फार बरं वाटत होतं.