डावी भिंत, खालून दुसरा दगड

द्रोणागिरीच्या एका कंटेनर यार्डात मी सर्व्हेअर आहे. म्हणजे दिवसभर रिकाम्या डब्यांकडे संशयाने बघायचं, हे माझं काम. ट्रेलर गेटवर आला की डब्याभोवती एक चक्कर मारायची. पोचा, भोक, गंज, जे दिसेल ते जागेसकट लिहायचं, फोटो काढायचा, सही करायची. उद्या कुणी म्हणालं, हे भोक तुमच्याकडे पडलं, तर तो कागद पुढे करायचा. मला हे काम शिकवणारे काका इथल्याच गावचे. पहिल्या दिवशीच म्हणाले, "दिसलं त्ये लिव. कुनी मोडलं त्ये मागून बगू. पन सही केलीस ना, की मंग त्ये तुजं हाय." मला ते इतकं पटलं की घरातला फ्रीज आला तेव्हाही मी त्याच्याभोवती चक्कर मारली होती. बायको अजून चिडवते.

आमची मुलगी नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने लॅपटॉपवर एक गेम घेतला. ओसाड बेटावर बंदर वसवायचं, जगभरातले लोक एकाच समुद्रात खेळणार. वर लिहिलेलं, अर्ली अ‍ॅक्सेस.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे बाबा, गेम अजून बनतोय. आपण खेळायचं, बिघडलेलं दिसलं तर त्यांना सांगायचं. ते दुरुस्त करणार."

सुरू करण्याआधी एका चौकटीत टिक करायची होती. काहीही कधीही बदलेल, केलेलं पुसलं जाईल, हे मान्य आहे. मी म्हटलं, "वा! भोकाचा डबा त्यांनी द्यायचा आणि सही आपण करायची." तिने माझ्याकडे न बघता टिक केलं.

मी नावं ठेवली खरी, पण पुढच्याच रविवारी स्वतःचं वेगळं खातं उघडून बसलो. बांधायला मला काही जमत नव्हतं. मी मोडलेलं शोधत फिरायचो. एक लाट खडकातून आरपार जायची, एक पक्षी हवेत अडकून पडला होता. तक्रारींसाठी गेममध्येच एक फळा होता. त्यावर मी यार्डातल्या मोडक्या इंग्रजीत जागेसकट, फोटोसकट लिहायचो. गेम बनवणारे आभार मानायचे. यार्डात इतक्या वर्षांत माझे कुणी आभार मानले नव्हते, त्यामुळे मला ते जरा चढलंच.

मुलगी मात्र बांधत होती. आमच्या इथल्या मोरा बंदराचा धक्का बांधत होती. तिची आई रोज मोऱ्याहून लाँचने मुंबईला कामाला जाते. गेममध्येही भरती-ओहोटी होती, म्हणून ही आईला फोन करून विचारायची, "आत्ता किती पायऱ्या उघड्या आहेत? शेवाळ कुठपर्यंत आहे?" आई म्हणाली होती की सकाळी बसायला जागा मिळत नाही. मग हिने धक्क्यावर ओळीने बाकडी ठेवली. असे तीन महिने गेले.

एका शनिवारी दुपारी मला सामायिक गोदामात एक कोपरा सापडला. तिथे एक दगड ठेवला की उचलताना दोन निघायचे. मी फळ्यावर लिहिलं: गोदाम, डावी भिंत, खालून दुसरा दगड. एक ठेवला, दोन निघाले. तीनदा करून पाहिलं. फोटो जोडले आहेत. शेवटी एक ओळ मनाची घातली, की बाकीचे लोक खाणीतून होडीने दगड आणतात, त्यांच्यावर हा अन्याय आहे. त्या दिवशी मी फार समाधानाने चहा प्यायलो.

दहा-बारा दिवसांनी अपडेट आला. कोपरा बंद झाला, आणि त्या कोपऱ्यातून निघालेले सगळे दगड, ज्याने जिथे लावले असतील तिथून, काढून टाकले गेले. आधी कुणालाही काही सांगितलं नव्हतं.

ती शाळेतून आली, लॅपटॉप उघडला आणि "बाबा!" म्हणून ओरडली. धक्क्याच्या पायऱ्या नव्हत्या. बाकडी पाण्याच्या तळाशी दिसत होती. "बांधताना मला वाटलं ते खेळातच तसं आहे," ती रडत म्हणाली, "सगळे तसेच घेत होते दगड."

काय झालं ते मला कळलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "कमाल आहे या कंपनीची!"

नुसतं म्हणून थांबलो नाही. बसून कंपनीला लांबलचक पत्र लिहिलं. लोकांची मेहनत न विचारता पाडता, चौकटीतल्या त्या टिक-खुणेच्या आड लपता, जबाबदारी कुणाची? खाली लिहिलं, 'एक पालक'. जेवताना ते मोठ्याने वाचूनही दाखवलं. मुलगी मान खाली घालून ऐकत होती.

भांडी आवरताना मी बायकोला खरं काय ते सांगितलं. तिने हातातली कढई खाली ठेवली. "चोराच्या उलट्या बोंबा! आधी तिला सांग, मग कंपनीशी भांड."

"सांगतो," मी म्हणालो, आणि चार दिवस सांगितलं नाही. मला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती. रोज शंभर डब्यांवर बिनधास्त सही करणारा माणूस मी, पण तिच्या खोलीच्या दारातून परत फिरायचो.

पाचव्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. दगड काढणाऱ्यानेच ते लिहिलं होतं. चूक माझी, आधी सूचना द्यायला हवी होती, यापुढे देऊ. खाली पूर्ण नाव होतं. मी ते दोनदा वाचलं आणि तिच्या खोलीत गेलो.

"तो दगडाचा रिपोर्ट मी केला होता."

"माहितेय," ती म्हणाली.

तिने फळा उघडला. माझ्या तक्रारीखाली 'मलाही हे आढळलं' असं बटण होतं. तिथे तिचं नाव होतं, तारीख मी लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

"डावी भिंत, खालून दुसरा दगड. असं दुसरं कोण लिहितं, बाबा?"

"मग बटण का दाबलंस?"

"खरं होतं ना ते. मला वाटलं, कोपरा बंद करतील. धक्का पाडतील असं नव्हतं वाटलं."

मी पलंगाच्या कडेवर बसलो. चुकलो म्हणालो. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "धक्क्याचं जाऊ दे. तू जेवताना पत्र वाचलंस ना, तेव्हा मी शेवटपर्यंत थांबले होते. वाटलं, आता तुझं नाव येईल. तू 'एक पालक' म्हणालास आणि आमटी मागितलीस."

तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"आता होडी काढ. भरती आहे तोवर खाणीच्या दोन फेऱ्या होतील."