आधी आवाज, मग चित्र

पनवेलच्या मोहल्ल्यात मी सायबर कॅफे चालवायचे, तेव्हा ब्रॉडबँड नुकतंच येऊ लागलं होतं. आखातात कामाला गेलेल्यांच्या बायका आणि आया माझ्याकडे नेटफोनवर बोलायला यायच्या. कॅफेच्या वरच राहणाऱ्या अशाच एका भाभींच्या मुलीचा निकाह ठरला आणि नेमकी मुलीच्या वडिलांची रजा रद्द झाली. कोकणी मुसलमानांत बापाच्या परवानगीशिवाय मुलीचा निकाह लागत नाही. काझीसाहेबांना ती परवानगी त्यांच्याच तोंडून, दोन साक्षीदारांसमोर ऐकायची होती. भाभी मला म्हणाल्या, तुमच्या नेटवरून यांना हजर करा. मी लगेच हो म्हटलं. हो म्हणून बसायची मला वाईट खोड आहे.

कॅफेतून जिन्यावरून दोन वायरी वर नेल्या. बाहेरच्या खोलीत पुरुषांच्या बैठकीत स्पीकरचा नेटफोन ठेवला आणि आत बायकांमध्ये, नवरीसमोर, कॉम्प्युटर आणि वेबकॅम. दोन्ही एकाच लाइनवर. ही लाइन बाहेरचं आत आणायला बऱ्यापैकी रुंद, पण इथलं बाहेर पाठवायला अगदी चिंचोळी, बोळासारखी. त्या बोळातून आधी कोणी जायचं ते राउटरला सांगून ठेवता येतं. हे जमणारी मोहल्ल्यात मी एकटीच, आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता. आदल्या दिवशी चाचणी घेताना वडील एवढंच म्हणाले होते, की पोरीला नवरीच्या कपड्यांत नीट बघायला मिळू दे. माझं मन विरघळलं. मी राउटरमध्ये चित्राला पहिला नंबर दिला आणि निर्धास्त झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजनंतर मंडळी जमली. कॅफे मी बंदच ठेवला होता. वडील तिकडच्या कामगारांच्या कॅम्पच्या ऑफिसातून बोलत होते. साहेबाने त्यांना अर्धा तास दिला होता, मग त्यांची गाडी साइटवर निघणार होती. पडद्यावर मुलगी दिसली तसे ते नुसते माशाल्लाह, माशाल्लाह म्हणत राहिले. मग मावश्या, फुफ्या, शेजारणी, सगळ्यांनाच त्यांना सलाम करायचा होता. एकीने कॅमेऱ्यासमोर तान्हं बाळ नाचवलं, दुसरीने ओढणी पसरून दाखवली. मी तिथेच बसून कौतुक करून घेत होते.

बाहेर काझीसाहेबांनी सवाल विचारला. तिकडून उत्तर आलं, जी? फिरून बोला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. आमचा आवाज त्यांच्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पोचत होता. तिसऱ्या वेळी वडिलांनी अंदाजाने होकार दिला. काझीसाहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"ज्याने सवाल पुरता ऐकला नाही, त्याची इजाजत मी कशी धरू?"

कोणीतरी मोबाइल लावून पाहिला, पण कॅम्पात रेंज नव्हती. नवऱ्याकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. भाभींनी माझा हात घट्ट धरला. मी वायरीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग पडद्यावर नजर गेली आणि डोक्यात प्रकाश पडला. चित्र जितकं हलतं तितकं जड होतं. सगळ्या बायका हात हलवत होत्या, आणि मीच दिलेल्या पहिल्या नंबराच्या जोरावर ते जड चित्र सगळा बोळ अडवून बसलं होतं. काझीसाहेबांचे शब्द मागे ताटकळत होते. दोष वायरीचा नव्हता, माझ्या हळवेपणाचा होता.

बायकांना ओरडून बाजूला केलं. भाभींना सांगितलं, चित्र अडकेल, पण आवाज जाईल. त्या म्हणाल्या, जा. मी जिना उतरून कॅफेत पळाले आणि राउटरमधले नंबर उलटे केले. आवाज पहिला, उरलेल्यात चित्र. धापा टाकत वर आले, तेव्हा काझीसाहेब चौथ्यांदा विचारत होते.

"तुमच्या मुलीचा निकाह पढवायची मला इजाजत देता?"

तिकडे घसा खाकरल्याचंसुद्धा स्वच्छ ऐकू आलं.

"दिली. राजीखुशीने दिली."

साक्षीदारांनी माना डोलावल्या. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले आणि लाज सोडून रडले. इतकं हलकं मला स्वतःच्या लग्नातही वाटलं नव्हतं.

निकाह झाला तेव्हा वडिलांची गाडी सुटायला पाच-सहा मिनिटं उरली होती. मी फोनजवळ जाऊन खरं ते सांगून टाकलं. चूक माझी होती, तुमच्याकडचं चित्र मीच थांबवलंय, पण दोन मिनिटं द्या, खाली जाऊन पुन्हा सुरू करते.

"नको ताई, राहू दे. तिच्याच तोंडावर थांबलंय."

त्यांना बोलवायला माणूस आला तोवर मी राउटरला हात लावला नाही.