शून्य शिंजीर

मानपाड्याच्या बाबुरावांना भीतीची हौसच आहे, असं त्यांच्या बायकोचं, शालनबाईंचं मत. असेलही. पण कारखान्यांच्या कुंपणाला लागून ज्याचं घर, त्याने भिऊ नये तर काय टाळ्या वाजवाव्यात?

रोज सकाळी फिरायला निघाले की बाबुराव पाखरं मोजत. नजर अधू, म्हणून कानांनीच. एक आवाज झाला की अंगठा बोटाच्या एका पेरावरून पुढच्या पेरावर. कोकीळ, तांबट, बुलबुल यांचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. त्यांचा जीव शिंजिरात. सुपारीएवढं ते पाखरू, आवाज सुईसारखा बारीक. हवेत विष मिसळलं तर आधी तेच मरणार, अशी त्यांची पक्की समजूत. शिंजीर ओरडतोय तोवर घरातली माणसं सुखरूप.

गेल्या उन्हाळ्यात एका फेरीत अठरा शिंजीर भरले होते. यंदा चैत्रात सहा. मग दोन. आणि त्या मंगळवारी एकही नाही.

बाबुराव जागीच थांबले. त्यांनी नाकाने हवा ओढून पाहिली. वास नव्हता, पण ज्याला वास नसतो त्या गॅसचीच त्यांना जास्त धास्ती. धापा टाकत ते घरी आले. शालनबाई अंगण झाडत होत्या.

"शालन, खिडक्या लाव! पोरांना बाहेर सोडू नको. गॅस सुटलाय."

"अहो, काय झालं? कोण बोललं?"

"शिंजीर मेलेत सगळे. एकाचा आवाज नाही."

शालनबाईंनी शेवग्याकडे बोट केलं. "मेलेत काय? हा काय डोक्यावर बोंबलतोय! मघापासून कान किटवलेत माझे."

बाबुरावांनी वर पाहिलं. शेंगा हलत होत्या. आवाज नव्हता.

"आत्ता ओरडतोय?"

"आत्ता."

म्हणता म्हणता शालनबाईंचा चेहरा उतरला. बत्तीस वर्षं पॉवर प्रेसच्या दणदणाटात काढलेला माणूस. कानात कापूस घाला म्हटलं तर हसायचा; आता बोलणं ऐकू यायचं, पण बारीक आवाज गेले होते.

बाबुराव पायरीवर बसले. गॅसची भीती निदान अख्ख्या वस्तीत वाटून घेता येत होती. ही त्यांच्या एकट्याच्या वाट्याची. घराचा पहारेकरी आपण, आणि पहारेकरीच बहिरा.

"उद्या मी येते सोबत," शालनबाई म्हणाल्या. "ओरडला की दंड दाबीन तुमचा."

दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. पाण्याच्या टाकीपर्यंत चार वेळा दंड दाबला गेला, चार पेरं झाली. पुढे काहीच नाही. दहा पावलं झाली, वीस झाली. बाबुरावांचा अंगठा चौथ्या पेरावरच अडून राहिला. पाखरं गप्प झालीत की शालन विसरलीय, हे त्यांना कळेना, आणि विचारायचा धीर होईना.