तीन पानांची बस

टूर्सच्या ऑफिसात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. लोकांनी बसमध्ये विसरलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि किस्से! बाटल्या भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? ते माझ्याच डोक्यात पडून राहतात आणि हळदीकुंकवाला बायका जमल्या की बाहेर पडतात. आमच्या ह्यांचं तर म्हणणं आहे, "तू बुकिंगला नाही, करमणुकीला जातेस!" जळतात मेले.

तर आमचं ऑफिस सुरतेच्या डिंडोलीत. मालक नाना, मूळचे अमळनेरकडचे. एरवी शुद्ध मराठी बोलतात, पण रागावले किंवा गहिवरले की थेट अहिराणीत शिरतात. मग आपण ओळखायचं, की प्रकरण आतपर्यंत गेलंय. मी बुकिंग काउंटरवर. गुजराती गिऱ्हाइकांची मी बेन, आपल्या लोकांची संगीताताई.

*

आधी बोर्डाचं सांगते. ऑफिस सुरू केलं तेव्हा नानांनी पेंटरला फक्त 'नाना टूर्स' लिहायला सांगितलं होतं. पण पेंटर पडला साडीमार्केटचा! आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या. हाताला सवय, त्यानं बिनदिक्कत पुढे 'ॲण्ड सन्स' लिहून टाकलं. नाना चहा पिऊन येईपर्यंत रंग वाळलासुद्धा.

घरात मूल एकच, पल्लवी, आणि तीही तेव्हा पाळण्यात. नाना म्हणाले, "जाऊ दे, आता रंग कोण वाया घालवणार!" तेव्हापासून बोर्ड तसाच. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, "शेठ, तमारो छोकरो क्यां छे?" नाना शांतपणे सांगतात, "बाहेर गेलाय, येईल." इतकी वर्षं झाली, तो काही आला नाही.

आली ती पल्लवी. टुरिझमचं शिकून आली आणि ऑफिसात बसायचं म्हणाली. नानांनी तिच्यासाठी रिंगरोडला मामाच्या साडीच्या दुकानात जागा बघून ठेवली होती. पंख्याखाली बसायचं, हिशेब बघायचा, डोक्याला ताप नाही. पल्लवी म्हणाली, "नाना, मला साड्या नाही, माणसं हलवायचीत."

शेवटी सौदा ठरला. दिवाळीत एक बस पल्लवीच्या पसंतीच्या टूरला, आणि ती गच्च भरली पाहिजे. भरली तर नानांची खुर्ची तिची. नाही भरली तर मुकाट्यानं मामाचं दुकान. आणि पोरीनं निवडली काय, तर ईको टूर! डांगच्या जंगलातलं एक हॉटेल. तिथं प्लॅस्टिकची बाटली नाही, पाणी उन्हावर तापतं, जेवायला गावातल्या बायकांनी थापलेली नागलीची भाकरी. कुठल्याशा संस्थेनं सगळं तपासून त्याला तीन हिरव्या पानांचं लेबल दिलेलं. भाडं मात्र नेहमीपेक्षा माणशी पाचशे जास्त.

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

*

बाहेर फ्लेक्स लागला, 'दिवाळी स्पेशल ईको टूर', शेजारी तीन हिरवी पानं. दुसऱ्याच दिवशी कडोदऱ्याहून मुकुंदभाऊंचा फोन. मुकुंदभाऊ तिकडच्या एका मिलमध्ये डाईंग मास्टर, आमचं जुनं गिऱ्हाईक. आवाज चढलेला.

"ताई, ईकोमा आम्ही बारा जन कसा बसनार? बस नही का?"

आता सुरतेत ईको म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही माहीत. सात माणसांची गाडी, तीत बारा कोंबायचे आणि तेरावा दाराला लटकवायचा! डिंडोलीभर बोंब झाली, की नानांनी बस विकली आणि आता लोकांना ईकोत घालून डांगात नेणार. मी आठवडाभर फोनवर एकच वाक्य घोकत होते, "बसच आहे हो, पुशबॅक सीट आहे, ईको नुसती म्हणायला!"

त्यात एक ड्रायव्हर दारात हजर. "ताई, तुमच्याकडे ईको टूर निघाली म्हणे. माझ्याकडे ईको आहे. लावून घ्या ना!"

पल्लवी त्याला समजावायला बसली. हवा, धूर, झाडं, सगळं सांगितलं. त्यानं मान डोलावत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तेच तर सांगतोय मॅडम. माझी ईको सीएनजी आहे!"



*

मग लोक काउंटरवर यायला लागले. पल्लवी प्रत्येकाला विचारायची, "पर्यावरणासाठी थोडे जास्त पैसे द्याल ना?" अहाहा, काय ती उत्तरं! "का नाही? द्यायलाच पाहिजेत! पुढच्या पिढीचं काय होणार?" पोरगी हरखून गेली. मी म्हटलं, "थांब, आता आकडा सांग."

आकडा सांगितला की पुढची पिढी गायब!

आमच्या गल्लीतले गुरुजी, रिटायर झालेले. त्यांनी खुर्चीत बसून अर्धा तास झाडांवर भाषण दिलं. माझे डोळे पाणावले, खरंच सांगते. पल्लवीनं लगेच पेन उघडलं. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मनानं मी पानवाल्या टूरमध्येच आहे बाळ. बुकिंग मात्र बिनपानाचं कर."

मार्केटमधले एक साडीवाले शेठ आले, त्यांनी तर कमालच केली. लेबल बोटानं चाचपलं, तीन पानं मोजली आणि घासाघीस सुरू. "तीन कशाला? दोन पानांत द्या ना!" पल्लवी म्हणाली, "काका, तसं नसतं." तर जरा जवळ सरकून हळूच म्हणतात, "बरं, सेकंडचा माल असेल तो दाखवा."

*

दिवाळी जवळ आली, बस अर्धी रिकामी. पल्लवीचा चेहरा उतरलेला. मामाचा फोनही येऊन गेला, "गल्ल्याशेजारी टेबल टाकलंय, दिवाळीनंतर ये." त्या दिवशी तिनं डबा उघडलाच नाही. मलाही घास जाईना. चार महिन्यांत पोरीचा लळा लागला होता, खोटं कशाला बोलू?

आणि तेवढ्यात कामरेजच्या हंसाबेन आल्या. मोठं कुटुंब, हातात मोठी पर्स. फ्लेक्सवरच्या पानांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बेन, आ लीलुं पान एटले प्योर व्हेज ने?"

मला पटकन उलगडलं. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा टिपका असतो ना शाकाहारीचा, बाईंना ही पानं तसलीच वाटली! पाचशे काय, हजार जास्त द्यायला तयार. आठ सीटचे पैसे मोजायलाही लागल्या. नानांनी मागून डोळ्यांनी मला खुणावलं, गप्प बस. मी गप्प. आठ सीट म्हणजे काय चेष्टा आहे?

पण पल्लवी गप्प बसेल तर ना! "मासी, हे पान शाकाहाराचं नाही, पर्यावरणाचं आहे. तिथं कोंबडीही शिजते." हंसाबेननी पैसे पर्समध्ये परत टाकले, चेन ओढली आणि निघून गेल्या.

नाना उभेच राहिले. "पल्लवी! तुना तोंडमुळे आठ सीट गयात!"

आली की नाही अहिराणी? पल्लवी म्हणाली, "नाना, लेबल खरं आहे म्हणून तर जास्त पैसे मागतोय. मग आपणच खोटं बोललो तर जास्तीचे पैसे कशाचे?" नाना तरातरा चहाला गेले. मीही कपाट आवरायला घेतलं, आवरायचं काही नव्हतं तरी.

संध्याकाळी डिंडोलीतले आमचे अण्णा येऊन टपकले. त्यांच्या कानावर नेमकी उलटी बातमी गेलेली. "ऐकलं, तिथं मटण नाही? मग माणशी पाचशे कमी करा!"

मला हसावं की रडावं कळेना.

*

दोन दिवसांनी हंसाबेनचा फोन. म्हणाल्या, "बेन, मी अजून चार ठिकाणी विचारलं. सगळे म्हणाले प्योर व्हेज, प्योर व्हेज. मागच्या वर्षी पण असंच म्हणाले होते, आणि आत जाऊन बघितलं तर व्हेज-नॉनव्हेज दोन्ही पातेल्यांत डाव एकच! तुमची छोकरी एकटी खरं बोलली. तिला विचारा, चूल वेगळी मिळेल का?"

पल्लवीनं लगेच हॉटेलला फोन लावला. चूल वेगळी, भांडी वेगळी, स्वयंपाकीणही वेगळी, सगळं ठरवून टाकलं. हंसाबेननी नणंद, जावा, शेजारी, अख्खी सोसायटी गोळा केली. त्यांना पाचशे जास्त वाटलेच नाहीत. बस गच्च! अण्णा तर शेवटची सीट मिळवायला पूर्ण भाडं द्यायला तयार झाले, वर मलाच दम, "पण कोंबडी नक्की ना?"

*

टूरला मीही गेले, नानाही आले. "खुर्ची द्यायच्या आधी माल बघून घेतो," म्हणाले.

खोलीत गेल्या गेल्या मुकुंदभाऊ टॉवेल हातात नाचवत बाहेर. "ताई, हे बघा! हा तर ग्रे माल! लूमवरून उतरवला आणि तसाच टांगला. रंगच नाही!" पल्लवीनं समजावलं, की मुद्दामच रंगवत नाहीत, रंगवायला पाणी लागतं, सांडपाणी निघतं, म्हणून.  मुकुंदभाऊंनी कपाळावर हात मारला. "आम्ही रंगवून रंगवून मरतो, आणि हे न रंगवता पाचशे जास्त घेतात! येडे आम्हीच!"

जेवणं उरकली, दोन्ही चुलींवरची. नागलीची भाकरी सगळ्यांनी मागून मागून खाल्ली. हंसाबेन तर स्वयंपाकघरात जाऊन डाव तपासून आल्या आणि पल्लवीच्या गालाला हात लावून गेल्या. अण्णा मात्र पानावरून उठेनात. मी म्हटलं, "अण्णा, काय राहिलं आता?"

"बोर्डावर तीन पानं काढलीयत," अण्णा म्हणाले. "तीन राहू द्या, एक तरी खाऊ घाला!"

*

सुरतेला परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडायला गेले, तर दारात शिडी. शिडीवर तोच जुना पेंटर, आता पार पिकलेला, आणि खाली कमरेवर हात ठेवून नाना. त्यानं 'नाना' खरवडून काढलं होतं आणि तिथं 'पल्लवी' लिहून झालं होतं.

"शेठ, पुढचं 'ॲण्ड सन्स' पुसू का?" त्यानं विचारलं.

"राहू दे," नाना म्हणाले. "रंग कशाला वाया घालवतो? ईको बोर्ड आहे!"

तेवढ्यात पल्लवी स्कूटीवरून उतरली. तिनं वर बघितलं.  डोळे पुसले, मग पुन्हा वाचलं आणि मोठ्यानं हसली.

"नाना! 'पल्लवी टूर्स ॲण्ड सन्स'? अहो, मला मुलगे कुठं आहेत?"

नाना बोर्डाकडेच बघत होते.

"मले तरी कोठे व्हतात?"